समासात

वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेत, जन्ममृत्यूच्या खिडकीपाशी,
बाकाचा एक पाय विटेवर.
मी पिशवीतून कागद काढते:
माझा शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र,
राजपत्राचं पान, ज्यात शेकडो अनोळखी माणसांबरोबर
मीही बारीक टायपात रांगेत उभी आहे.

शेजारी मुलगी. अकरा वर्षांची.
नवोदयच्या फॉर्मसाठी
तिची आई कोण, हे एकदा ठरायला हवं आहे.
जन्मदाखल्यावर आई मयुरी.
आधारवर आई द्वारका.
“मगे दोघींकय हाडा,” पहिल्या खेपेला
बोभाटे भाऊसाहेब म्हणाले होते,
आणि आपणच हसले होते.

काय सांगणार त्यांना?
मोचेमाडला लग्नाच्या रात्री
ताटात तांदूळ पसरले होते, उकडे, लालसर.
नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं.
नणंदेनं निवडलेलं,
टीव्हीवरच्या कुणा सुनेचं.
यु ऱ्हस्व की दीर्घ, यावरून दोन मामे भांडले.
माझं जुनं नाव माझ्या आत्येचं,
ती गेली त्या वर्षी बाबांनी मला दिलेलं.
ते ताटाच्या काठापर्यंतसुद्धा आलं नाही.
सकाळी त्याच तांदळाची पेज झाली.
सगळे प्याले. मीही.
मीठ कमी होतं.

नऊ वर्षं मयुरी हाकेला ओ देत राहिली.
वाईट नव्हती बिचारी,
तिच्या हातच्या तिरफळाच्या कालवणाला नावं ठेवायला
सासूलाही जमलं नाही.
रुग्णालयात नर्सनं विचारलं, आईचं नाव?
मी तोंड उघडायच्या आत
दारातून कुणीतरी सांगून टाकलं.

मग एका शिमग्यानंतर मुलीला घेऊन
मी उभादांड्याला परत आले.
त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही,
फॉर्मात तो रकाना नाही.
काजूच्या कारखान्यात मुकादमानं नाव विचारलं
आणि तोंडातून द्वारका आलं,
जसं काही दाराआडच उभं होतं
चपला घालून.

आता त्या कारखान्यानं बोटं खाल्ली.
टरफलाच्या तेलानं रेषा गेल्या.
यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा.
“मावशी, पुसा, परत ठेवा.”
किती पुसू?
मी मीच आहे हे सांगायला
माझ्याकडे नावच उरलं होतं, तेही दोन.

“खोडता येत नाही,” भाऊसाहेब आज म्हणतात,
रजिस्टरवरची धूळ बाहीनं झटकत.
“मूळ नोंद तशीच राहणार. दुरुस्ती समासात.”
ओळीच्या डावीकडे बोटभर पांढरी जागा.
एवढीच.

मुलगी कानाशी येते. “आई, मध्यमपदलोपी.”
काय?
“समासाचा प्रकार गो. मधले शब्द गळतात.
साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात.
घालून केलेला, हे कुणी म्हणत नाही.”
मी त्या गळलेल्या शब्दांचा विचार करत राहते,
पंखा फिरत राहतो,
भाऊसाहेब लिहितात: व्दारका.

“द आधी,” मुलगी म्हणते. “मग व.”
ते चष्म्यावरून बघतात.
मला वाटतं, आता ओरडतील, आता तिसरी खेप.
पण ते एक बारीक रेघ मारतात,
वर नीट लिहितात, बाजूला छोटी सही करतात.
दुरुस्तीची दुरुस्ती.
“खय शिकतस गो?” ते विचारतात.
ती शाळेचं नाव सांगते, पूर्ण, गावासकट.

शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडंच.
मयुरी तिच्या ओळीत बसलेली आहे
ताटावरून कुणी उठवू नये तशी.
मी तिच्याकडे जरा वेळ बघते.
“वीस रुपये,” खिडकी म्हणते. “सुटे आसत तर बघ.”